साचेवाल्यांचा फोन

आमच्या उदयसूर्य मंडळाच्या अँब्युलन्सवर मी एकवीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्या एकवीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त शिव्या ज्या बाईने घातल्या, तिच्याबद्दल हे लिहितो आहे. शिव्या सगळ्या रास्त होत्या हे आधीच कबूल करतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझी बाजू घ्यायची तसदी नको.

तिचं नाव तुळसा. लालबागला मंडळाची व्यायामशाळा होती, तिच्या खालच्या खोलीत मंडळाची कचेरी, आणि कचेरीत एका टेबलावर काळा टेलिफोन. त्या टेलिफोनसमोर सकाळी आठ ते दुपारी चार ती बसायची. फोन आला की पत्ता घ्यायचा आणि मला गाडी काढायला सांगायचं, एवढंच काम. पण ती ते असं करायची की बघत राहावं. पलीकडे माणूस घाबरून काहीबाही बरळत असला तरी तिसऱ्या वाक्याला ती त्याच्याकडून चाळ, मजला, खोली काढून घ्यायची. मग म्हणायची, "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय." आमचा माणूस तेव्हा चहा पीत असायचा. ती उठून माझ्या हातातला ग्लास काढून घ्यायची आणि गाडीची चावी ठेवायची.

तुळसाताई जन्माने भायखळ्याची. बाप भाजी मार्केटात ओझी उचलायचा. सतराव्या वर्षी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. तिथे बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळायचं, बहुतेक बायकाच असायच्या. त्याच गिरणीत धर्माभाऊ साचाखात्यात होता. साचे म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. एका शेडमध्ये शेकड्यांनी साचे, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय. तिथला आवाज शब्दांत सांगता येत नाही. मी स्वतः त्या शेडमध्ये दोनच वर्षं बदली कामगार होतो, म्हणून माझे कान वाचले. धर्माभाऊने चोवीस वर्षं काढली.

त्या आवाजात बोलायचं कसं? तर आवाज काढायचाच नाही. साचेवाले एकमेकांशी ओठांनी बोलायचे, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द ठासून, आणि घशातून हूं की चूं नाही. ओरडणं म्हणजे दम फुकट घालवणं. जोडीला हातवारे. हनुवटीवरून हात फिरवला म्हणजे जॉबर, आमचा मुकादम, येतोय, कारण त्याला दाढी होती. डोक्यावर हातांची फुली केली म्हणजे काहीतरी अडकलंय, साचे थांबवा. वीस साचे पलीकडचा माणूस काय बोलतो ते इकडे कळायचं. घरगुती भांडणं, मटक्याचे आकडे, पोरीबाळींची चौकशी, सगळं त्याच बोलीत चालायचं. धर्माभाऊने तुळसाताईला लग्नाचंही गिरणीच्या गेटवर असंच विचारलं, चार माणसांच्या डोक्यांवरून, बिनआवाजी. तिला काही कळलं नाही. "मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा समजलं," ती म्हणायची. "बाकीच्या पोरी लग्नाआधी भाकऱ्या शिकल्या, मी तोंड वाचायला शिकले."

मग ब्याऐंशीचा संप. तो कधी मिटला असं कोणी विचारलं तर मला अजून सांगता येत नाही. मिटला नाही, विरला. आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मी गाडी चालवायला शिकलो, तुळसाताईने दोन वर्षं खानावळीच्या पोळ्या लाटल्या आणि चौऱ्याऐंशीला मंडळाच्या फोनवर लागली. धर्माभाऊ घरी बसला. साचे होते तोवर आपल्याला ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तिथे कोणालाच ऐकू येत नसे. साचे थांबले आणि मग त्याला उमगलं की शांतता बाहेर नाही, आपल्याच कानांत आहे. पण कबूल करेल तर तो धर्माभाऊ कसला. "मी बहिरा नाय," असं तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचा. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

सत्त्याऐंशी साली आमच्या फोनवर मुके फोन यायला लागले. उचलावा तर पलीकडे कोणी नाही. म्हणजे आहे, पण बोलत नाही. महिन्यातून तीनचार तरी. मंडळाचे अध्यक्ष अप्पा भोईवाड्याच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीत अर्ज करायची खोड. त्यांनी टेलिफोन खात्याला अर्ज केला. तिकडून मनमोहनराव विजयकर आले. गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, पांढरा शर्ट, चकचकीत बूट, आणि भाषा अशी की आम्हाला आमची मराठी आवरून बोलावंसं वाटे. त्यांनी दोन दिवस येऊन तारा तपासल्या, फोन उघडून पुन्हा बसवला आणि एक मुका फोन स्वतः घेतला.

"लाइन निर्दोष आहे," ते अप्पांना म्हणाले. "पलीकडे माणूस आहे. त्याचा श्वास ऐकू येतो."

"श्वास घेतो तर बोलत का नाही?"

"ते आमच्या खात्याच्या अखत्यारीत येत नाही," मनमोहनराव म्हणाले आणि सही करून गेले.

मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला. कोणीतरी चेष्टा करतंय. श्रावणात एका दुपारी तुळसाताई रेशनिंग ऑफिसात गेली होती आणि फोन माझ्याकडे होता. दहा मिनिटांत तीन मुके फोन आले. पहिला मी ठेवला. दुसरा आपटला. तिसऱ्याला कोकणातल्या आमच्या गावच्या दोन शिव्या हासडल्या आणि रिसीव्हर काढून टेबलावरच ठेवून दिला. बस म्हटलं आता.

तुळसाताई परत आली आणि तिच्या मागोमाग रामचंद्र धावत आत शिरला. रामचंद्र म्हणजे आमच्याच साचाखात्यातला, दोन चाळी पलीकडे राहणारा. धापा टाकत तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तोंड उघडून बोलायला लागला. ओठ हलताहेत, मानेच्या शिरा फुगल्यात, डोळे बाहेर आलेत, आणि आवाजाचा पत्ता नाही. दोन वर्षं शेडमध्ये काढलेली, मला वाचता येत होतं. 'बायको पडली. मोरीत. उठत नाय.' आणि मग, 'तीनदा फोन केला. तीनदा सांगितलं. कोण ऐकत नाय.'

तुळसाताईने टेबलावर पडलेल्या रिसीव्हरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिव्या तिने गाडीत घातल्या, सबंध रस्ताभर. रामचंद्राच्या बायकोचं, राधाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. पुढे त्या बऱ्या झाल्या, काठी घेऊन हिंडायला लागल्या आणि मला गणपतीत घावणे पाठवायच्या. रामचंद्राने त्यांना फोन कोणी आपटला ते सांगितलं नव्हतं. मीच दुसऱ्या वर्षी सांगितलं. घावणे तरीही आले.

आता कोणी म्हणेल, चाळीत हाक मारायला शेजारी नव्हते काय? संपाआधी असं कोणी विचारलं असतं तर मीच हसलो असतो. पण संपानंतर अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली होती. माणसं गावाला गेली, जी राहिली त्यांच्या बायका कामाला जायला लागल्या. भर दुपारी अख्ख्या मजल्यावर एक म्हातारा साचेवाला आणि त्याचा रेडिओ, तोही बंद, अशी परिस्थिती होती.

"घाबरला की साचेवाला ओरडत नाय रे," परत येताना तुळसाताई म्हणाली. तोवर तिचा राग उतरला होता. "चांगला असताना बोलतो, मोठ्यानं बोलतो. पण जिवावर बेतलं की शेडमधली सवय वर येते. तोंड चालतं, आवाज येत नाय. आणि कान गेलेले, त्यामुळे त्याला वाटतं मी बोंबलतोय."

"तुला कसं ठाऊक?"

"घरात एक हाय ना."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी स्टो भडकला होता. ती पाठ करून भाजी चिरत होती, धर्माभाऊ मागे उभा राहून तिला हाका मारत होता. निदान त्याला तसं वाटत होतं. पदराने पेट घेतला तेव्हा ती वळली, तर हा नवरा तोंड वासून, घामाघूम, एक अक्षर न काढता ओरडतोय. पदर विझवल्यावर तो तिलाच बोलला, एवढ्या हाका मारल्या, ऐकू येत नाय तुला? "मी म्हटलं, नाय आलं ऐकू. चूक झाली. काय सांगू त्यांना? कान गेले तेच अजून मानत नायत."

ते इतके दिवस खपून गेलं होतं. पण त्या वर्षी थंडीत धर्माभाऊच्या छातीत पहिली कळ येऊन गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा आली तर एक मिनिट घालवू नका, ताबडतोब गाडी बोलवा. गाडी बोलवायची ती जागा तुळसाताईची स्वतःची. आणि नवऱ्याने तिथे फोन केला तर त्याचा आवाज पोचणार नाही, हे रामचंद्राच्या दुपारपासून तिला लख्ख दिसायला लागलं. सकाळी आठला ती टेबलापाशी बसायची तेव्हा तिचं अर्धं लक्ष करी रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत असायचं.

तिने सरळ मनमोहनरावांना निरोप धाडला. ते रविवारी आले, खात्याचे म्हणून नाही, आपले आपण.

"साहेब, फोनवर ठोकलं तर पलीकडे जातं काय?"

"उत्तम जातं. बोलण्यापेक्षा स्वच्छ जातं."

"आणि बहिऱ्याला कळेल?"

मनमोहनरावांनी थोडा विचार केला, मग रिसीव्हर कानाऐवजी तिच्या जबड्याच्या हाडाला लावला आणि शेजारच्या दुकानातल्या फोनवरून ठोकून दाखवलं. मग तिचा तळहात ऐकायच्या बाजूवर ठेवून पुन्हा ठोकलं. तुळसाताईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. मनमोहनरावही खूश झाले. म्हणाले, सव्वीस वर्षं नोकरी झाली, असं कोणी विचारलं नव्हतं.

मग तिची रीत ठरली. आमच्या भागातल्या नऊ चाळींना तिने एक ते नऊ आकडे दिले. चाळीच्या जिन्याखाली लाल डब्याचे फोन होतेच. नंबर फिरवायचा, पलीकडून उचललं की डब्यात नाणं खाली पडतं, त्याचा धक्का हाताला लागतो. मग बोलायचं नाही, बोलण्याच्या बाजूवर बोटाच्या सांध्याने ठोकायचं. आधी चाळ, थांबायचं. मग मजला, थांबायचं. मग खोली. रिसीव्हर जबड्याला लावून ठेवायचा. पलीकडून तीन ठोके आले म्हणजे कळलं, गाडी निघाली.

अप्पांना हे पसंत नव्हतं. "उद्या उंदराने ठोकलं तरी गाडी पाठवणार काय?"

"उंदीर आधी चाळ ठोकणार, मग मजला, मग खोली? एवढा हुशार उंदीर असेल तर त्याला मी स्वतः आणायला जाते."

अप्पांनी तीन महिने करून बघा म्हणून लेखी परवानगी दिली. परवानगी लेखी नसली तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

शिकवणीची पहिली पाटी मी लिहिली होती. 'ऐकू न येणाऱ्या बंधूंसाठी मार्गदर्शन, रविवारी सकाळी नऊ, व्यायामशाळेत.' अक्षर सुरेख काढलं होतं. आला एकटा रामचंद्र. तुळसाताई पाटीकडे बघून म्हणाली, "दत्ताराम, तुझ्या डोक्यात भुसा हाय काय? असा कोण येणार?" तिने पाटी पुसली आणि लिहिलं, 'साचाखात्याच्या जुन्या कामगारांची सभा.' पुढच्या रविवारी त्रेचाळीस जण आले, इस्त्रीचे शर्ट घालून. बसले ते आपापल्या साच्यांच्या ओळीने, जसे शेडमध्ये असत तसे. ज्यांचा शेजारी मेला होता त्यांनी मधली जागा सोडली होती. तुळसाताईने त्यांना त्यांच्याच बोलीत, बिनआवाजी, सगळं समजावलं. बहिरा हा शब्द तिने एकदाही काढला नाही. मग सगळ्यांनी बाकांवर आपापला पत्ता ठोकून दाखवला. बाहेरून येणाऱ्याला वाटलं असेल सुतारकाम चाललंय.

चव्वेचाळिसावा, म्हणजे धर्माभाऊ, घरी बसून होता.

"मी ठोकणार नाय," त्याने तिला सांगितलं. "दार हाय काय ठोकायला? देवानं तोंड दिलंय. कळ आली तर फोन करीन आणि बोलीन."

एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर चहाला गेलो होतो. तिने कप त्याच्या हातात दिला, समोर बसली आणि एकदाचं सांगून टाकलं. स्टोचं सांगितलं. त्याच्याआधी दोनदा झालं होतं तेही सांगितलं. धर्माभाऊ तिचे ओठ बघत होता. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "दत्ताराम, खरं?" मी मान डोलावली. त्या क्षणी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"म्हणजे एवढी वर्षं मी ओरडत होतो ते कोणाला ऐकूच गेलं नाय?"

"घाबरलात तेव्हाच. एरवी येतो आवाज."

त्याने कप खाली ठेवला. "संपाच्या मोर्च्यात मी घोषणा दिल्या होत्या. त्या पण?"

तुळसाताई लगेच म्हणाली, "मोर्च्यात मी बाजूला होते. तुमचा आवाज येत होता. सगळ्यांत मोठा."

हे खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी त्या मोर्च्यात बऱ्याच मागे होतो. धर्माभाऊ उठून गॅलरीत गेला आणि मी निघेपर्यंत परत आला नाही.

त्यानंतर तो कमी बोलायला लागला. तुळसाताईला त्याचं फार वाईट वाटायचं, पण माघार घेणारी ती नव्हती. रोज सकाळी कामाला निघताना ती चपला घालायची आणि त्याच्या पाठीवर बोटाने ठोकायची. चार, थांबून दोन, थांबून सात. चौथी चाळ, दुसरा मजला, सात नंबरची खोली. तो खांदा झटकायचा. ती जिना उतरायची. हा कार्यक्रम वर्षभर चालला. तेवढ्या काळात बाकीच्या साचेवाल्यांचे अकरा फोन ठोकून आले आणि अकराही वेळा मी वेळेवर पोचलो. अप्पांनी परवानगी वाढवून दिली, लेखी.

अठ्ठ्याऐंशीच्या अनंत चतुर्दशीला दुपारी साडेबाराला कचेरीच्या दारातच आमच्या मंडळाचं ढोलपथक वाजत होतं. पुढे लाउडस्पीकर, मागे दुसऱ्या मंडळाचा बँजो. खिडक्या लावून काही उपयोग नव्हता, भिंतीच थरथरत होत्या. मी तुळसाताईच्या शेजारी स्टुलावर होतो आणि मला माझाच खोकला ऐकू येत नव्हता. फोन वाजला तरी कळणार नाही म्हणून ती सकाळपासून एक हात फोनवर ठेवून बसली होती. सकाळी दोघांचे फोन आले होते, चांगल्या धडधाकट कानांच्या माणसांचे. एकाचाही शब्द तिला कळला नाही, मला कळला नाही. ती नुसती कपाळाला हात लावून बसली होती.

तिचा हात हलला. तिने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, काही उपयोग नाही हे कळल्यावर उलटा करून तळहातावर दाबला. डोळे मिटले. मी बघत होतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने टेबलावर एकेक ठोका मोजला. चार. मग दोन. मग सात.

ती माझ्याकडे वळली. ओठ हलले, आवाज नाही, पण त्या गोंगाटात आवाज असता तरी काय होतं. 'हे आहेत.' मी खुणेने विचारलं, येतेस? तिने नकारार्थी मान हलवली. फोनवर दुसरं कोणी नव्हतं. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि कात्रीच्या दांड्याने रिसीव्हरवर तीन ठोके दिले. मी गाडीकडे पळालो.

लालबागवरून करी रोड म्हणजे चालत दहा मिनिटं. त्या दिवशी रस्त्यावर माणसांची भिंत होती. भोंगा मी दाबून धरला, पण ढोलांपुढे त्याला कोण विचारतो. पुढच्या माणसाला हाक मारावी तर तो नाचतोय. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात फुटपाथवर रामचंद्र दिसला. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघून तोंड उघडून त्याला सांगितलं, 'धर्मा. छातीत. वाट पाहिजे.' त्याने वाचलं. मागे वळून त्याने दोन्ही हात डोक्यावर फुली करून उचलले. शेडमधली खूण. वीस पावलांवर अजून एक म्हातारा उभा होता, त्याने ती बघून हात उचलले. त्याच्या पुढे तिसरा. गणपती बघायला सगळे साचेवाले रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिलेच होते. ओळीने म्हातारे हातांची फुली करून उभे आहेत हे बघून पथकांचे पुढारी चमकले, वळले, त्यांना गाडी दिसली. एकेक ढोल थांबत गेला. माणसं बाजूला झाली. मी सहा मिनिटांत चौथ्या चाळीच्या दारात होतो.

चाळ रिकामी होती. जिन्याखाली लाल फोनपाशी धर्माभाऊ पानवाल्याच्या स्टुलावर बसला होता. चेहरा पांढरा पडलेला, बनियन घामाने चिकटलेलं. रिसीव्हर जबड्याला दाबून धरलेला. आणि दुसरा हात, उघडा तळहात, त्याने आपल्याच गळ्यावर ठेवला होता, घसा हलतोय की नाही ते बघायला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तो बोलत होता. आवाज काढून, मोठ्याने. आवाज चिरका होता, पण होता.

"तुळसा, मी बोलतोय. आवाज येतोय काय? तुळसा, आवाज येतोय काय?"

मग थांबायचा. फोनमधून ठक, ठक, ठक असे तीन ठोके मला उभ्या जागी ऐकू आले. त्याने मान डोलावली आणि पुन्हा गळा चाचपून तेच विचारलं. पुन्हा तीन ठोके. मी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला, पलीकडे बोलून उपयोग नव्हता, म्हणून मीही तीन ठोके दिले आणि त्याला उचलला.

हॉस्पिटलात त्याला लगेच आत घेतलं. तासाभराने तुळसाताई धावत आली. फोनवर कोण आहे म्हणून मी विचारलं, तर अप्पा. विसर्जनाच्या फेट्यासकट खुर्चीत बसले होते, तळहात रिसीव्हरवर दाबून. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलंत, आता काळजी नाही. तुळसाताईने त्यांना हात जोडले, मग बाकावर माझ्याशेजारी बसली.

"ठोकून झाल्यावर फोन ठेवायचा असतो," ती म्हणाली. "ह्यांनी ठेवला नाय. काय करत होते एवढा वेळ?"

"बोलत होता. आवाज येतोय काय म्हणून विचारत होता."

"मोठ्यानं?"

"चांगलं मोठ्यानं."

तिने आपला तळहात उलटा करून बघितला. "शब्द एक पण नाय कळला रे. पण ढोलाचा धक्का निराळा आणि हे निराळं. मधेच हाताला बारीक थरथर यायची, मग थांबायची. म्हटलं, हा माणूस ठोकत नाय, हा बोलतोय. म्हणून मी पण सोडलं नाय."

सिस्टरने तिला आत बोलावलं. मी दारात उभा राहिलो. धर्माभाऊ डोळे उघडून पडला होता. तिने त्याचा हात उचलला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि वॉर्डातले सगळे पेशंट वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आला. सगळा आवाज आला."

धर्माभाऊने हात तिथेच ठेवला आणि तिला पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.